दारातली सातवीण

८ ऑक्टोबर, बुधवार

खिडकी लावली तर जीव गुदमरतो, उघडली तर झाड आत येतं. बघा काय कारभार. तिसऱ्या मजल्यावर राहून बी माणसाला झाडाचा जाच. दिवस मावळला की असा वास सुटतो, जसं कुणी स्वस्तातलं अत्तर बादलीनं ओतलंय. डोकं ठणकतं, घास गिळवत न्हाई, आणि आमची शेफाली खोकते ती खोकतेच.

आता राम राम. ही वही शेफालीची, पहिलीतली. पुढच्या पानांवर तिनं बदकं काढलीत, मागची कोरी हायत. मी चौथीपर्यंत शिकले, पुढं शेळ्या राखायला गेले. त्यामुळं अक्षर कसं का असंना. शेफाली म्हणते, "आजी, तुझ्या ओळी मुंग्यांसारख्या चालतात." चालू देत. मुंग्या पोचतात तरी कुठंतरी.

लिहायला बसले कारण हितं बोलायला माणूस न्हाई. गावाकडं विंझरला कुंपणाशी उभं राहून हाक मारली की शेजारची बाळाबाई हातातलं टाकून यायची. हितं भोरात समोरच्या दाराला काचेचा डोळा हाय. त्यातनं आधी बघतात आणि मग दार उघडत न्हाईत.

जूनपासून मी लेकाकडं हाय. गोरख शिवऱ्यात हमरस्त्याला टेम्पो लावून भाड्याची वाट बघतो. सून नूतन बाजारपेठेत साडीच्या दुकानात उभी राहते. पोरीला कोण बघणार, म्हणून मला आणली. मला काय हौस न्हाई हितं राहायची. जिने चढून गुडघे गेले. बिल्डिंगचं नाव गुलमोहर अपार्टमेंट, आणि गुलमोहर औषधाला न्हाई. दारात सातविणींची रांग. त्यातली एक तर आमच्या खिडकीला खेटून. दसऱ्याआधी फुलायला लागली, आता पान दिसंना झालंय, सगळे हिरवट-पांढरे गुच्छ.

आमच्याकडं सातवीण दारात कोण लावत न्हाई. ती रानातली. डोंगरात देवाच्या राईत एक हाय, तिच्याखाली गुरं बसली की सासू मला उठवायला पाठवायची. शहरातली माणसं शिकलेली, त्यांनी आणून उंबऱ्यात लावली.


१० ऑक्टोबर, शुक्रवार

रात्री पोरीच्या छातीत मांजर बसल्यागत घुरघुर. सकाळी नूतननं दुकानात सुट्टी टाकली आणि डॉक्टरकडं नेली. मी बी गेले. डॉक्टर म्हणाले, दमा हाय, फुलांचे परागकण असतात हवेत, धूळ असती, धूर असतो, कशानं बी उठतो. मला फुलं तेवढी ऐकू आली. म्हणलं, बघ, म्या म्हणत न्हव्हते?

निळा पंप दिला. तोंडात धरायचा आणि दाबायचा. वर पंपाला जोडायला एक नळकांडं बी दिलंय बाटलीएवढं.

मला ते बघूनच कसंतरी झालं. आमच्या भावकीतला जगन असाच पंप ओढायचा. आधी दिवसातनं एकदा, मग उठता बसता. शेवटी पंप हातात धरूनच गेला. बिड्या ओढायचा, हे खरं हाय, पण बिड्या तर सगळेच ओढतात, सगळे कुठं मेले? पंपाची सवय लागते. सात वर्षांच्या पोरीला आत्ताच सवय लावली तर उद्या सासरी काय पंप घेऊन जाणार?

नूतनला म्हणलं. ती म्हणाली, "आई, सवय नाही लागत. श्वास लागला तर द्यायचाच, विचारत बसायचं नाही."

"मग जगन कशानं गेला?"

"मला काय माहिती आई, मी नव्हते तिथं."

उत्तर द्यायला हुशार हाय. काम करून थकलेली असते म्हणून मी जास्त बोलत न्हाई.


११ ऑक्टोबर, शनिवार

आजपासून धुरी चालू केली. हा आपला घरचा उपाय, ह्याला कुणाची चिठ्ठी लागत न्हाई. गोरख लहानपणी सर्दीनं भरला की ह्याच धुरीवर काढलाय. हितं चूल न्हाई, म्हणून गॅसवर करवंटी पेटवली, निखारा घमेल्यात घेतला, त्यावर ओवा, लसणीची सालं, वेखंडाचा तुकडा आणि ऊद. आधी सगळ्या खिडक्या घट्ट लावल्या, फटीत जुनी लुगडी कोंबली. झाड बाहेर, आपण आत. पोरीला घमेल्याजवळ बसवली.

"आजी, डोळे चुरचुरतात."

"चुरचुरू देत. आतली घाण निघतीय."

खोकली लई. म्हणजे सुटत होतं.

नूतन दुकानातनं आली आणि दारातच उभी राहिली. "आई, हे काय?" म्हणून सरळ खिडक्या उघडायला लागली. म्या म्हणलं, "उघड, घे झाडाला आत, पाट मांड त्याला." गोरख तेवढ्यात आला. दमून आलेला. म्हणाला, "नूतन, आई करतीय ते पोरीच्या भल्यासाठीच करतीय ना?" खिडकी नूतननंच परत लावली.

रात्री पोरगी दोनदा उठून बसली. नूतननं पंप दिला. त्या झाडाला रात्रीच जोर चढतो, दिवसा काय बोलत न्हाई ते.


१३ ऑक्टोबर, सोमवार

आज खाली जाऊन चेअरमनला गाठला. इंद्रजित नाव, पोरगाच हाय, गाडी पुसत होता.

म्या विचारलं, "ही कुणी लावली?"

"मीच लावली आजी, ही सप्तपर्णी. छान वाटते ना? बारमाही हिरवी राहते."

"बारमाही हिरवं तर शेवाळ बी असतं. तोड ही."

हसला. दात चांगले हायत त्याचे. म्हणाला, "आजी, तोडायला नगरपालिकेची परवानगी काढावी लागते. अशी नाही तोडता येत."

"लावायला काढली होतीस का परवानगी?"

"लावायला नाही लागत."

"म्हणजे पाव्हणा घरात आणायचा आपल्या मनानं, आणि घालवायचा सरकारला विचारून. बरा न्याय हाय."

मग त्यानं मला शिकवायला घेतलं. म्हणे ह्या फुलांचे परागकण वाऱ्यावर फार उडत न्हाईत, मधमाश्या नेतात. मागच्या मोकळ्या प्लॉटात गाजरगवत माजलंय, त्याचा त्रास जास्त.

"मधमाश्या नेत्यात तर आमच्या पोरीच्या छातीत कोण आणून टाकतंय? मधमाशी जिना चढून येते का?"

दिवाळी झाली की खिडकीकडच्या फांद्या छाटून देतो म्हणाला. वर जायला वळले तर मागनं म्हणतो, "आजी, तुमच्याकडं संध्याकाळी काही जळतं का हो? खालच्या मजल्यावर धूर येतोय म्हणत होते."

म्या म्हणलं, "त्यांना म्हणावं, नाक आपल्या घरात ठेवा."

जिने चढून आले आणि पलंगावर आडवी झाले. भांडायला बी आता ताकद लागते. पूर्वी म्या दिवसभर भांडून संध्याकाळी भाकऱ्या थापायचे.


१५ ऑक्टोबर, बुधवार

झाड तोडता येत न्हाई, पण वाळलं तर कुणाचा काय दोष? गावाकडं बांधावरचं नको झालेलं झाड घालवायचं तर बुंध्याला भोक पाडून हिंग भरतात. माझ्या सासऱ्यांनी एक बाभळ अशीच घालवली होती. घालवली का ती आपसूक गेली, ते आता कुणाला विचारणार.

उजाडता उजाडता खाली गेले. पदराखाली वरवंटा, खिळा आणि हिंगाची डबी. दूधवाला येऊन गेला होता, दुसरं कोण न्हव्हतं. खिळा ठोकला. सातविणीचं अंग मऊ असतं, पांढरा चीक आला. हिंग कोंबला, वरनं माती लिंपली, हात जोडून उभी राहिले, म्हणजे कुणी बघितलं तर म्हातारी पाया पडतीय वाटावं.

तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरनं आमची बया ओरडली, "आजी, झाडाला फोडणी घालतेस का गं?"

सगळ्या गॅलऱ्यांतनं डोकी बाहेर आली. इंद्रजितचं बी आलं. म्या कुणाकडं बघितलं न्हाई, वरवंटा पदराखाली घेऊन वर आले. संध्याकाळी आमटीला हिंग न्हव्हता. गोरख दोन घास खाऊन विचारतो, "चव का न्हाई?" नूतन पदर तोंडाला लावून मोरीत गेली. हसत होती. हसू दे, बऱ्याच दिवसांनी हसली.


१७ ऑक्टोबर, शुक्रवार. वसुबारस.

करवंट्या संपल्या. आज धुरी राहिली, खिडकी बी उघडीच राहिली. फराळाचं करून हात भरून आले होते, म्हणलं एक दिवस चालंल.

रात्री पोरगी एका कुशीवर झोपली. उठली न्हाई, घुरघुरली न्हाई. मीच दोनदा उठून नाकाशी बोट धरून बघितलं. म्हणजे आता आधीची धुरी अंगात भिनली, गुण यायला लागला. नारळ आणायला सांगते गोरखला, चांगले मोठे.


२२ ऑक्टोबर, बुधवार. पाडवा.

सातवीण हाय तशी हाय. हिंग पचला तिला. एक पान गळलं न्हाई, उलट नवे गुच्छ आलेत.

पोरगी सकाळी खाली पडलेली फुलं गोळा करून काड्यापेटीत घालून घेऊन आली. "आजी, बघ, इवल्या इवल्या चांदण्या." म्या पेटी घेतली आणि केराच्या डब्यात टाकली. रडली. रडली की छाती भरते तिची. नूतननं कुकर असा आपटला की शेजाऱ्यांना कळावं.

फटाके, झाड, धूर, सगळं एकदमच. संध्याकाळी फटाक्यांच्या धुरावर म्या आपली धुरी दिली. रात्री दोनदा पंप दिला. नळकांडं तोंडाला लावलं की पोरगी माझ्याकडं बघते. मला बघवत न्हाई. सवय लागली तिला, हे मला दिसतंय आणि ह्या दोघांना दिसत न्हाई.

लई थकले मी. दिवाळी हाय, का कशाची शिक्षा, कळंना.


२४ ऑक्टोबर, शुक्रवार

ठरवलं. पोरीला विंझरला घेऊन जाते. शाळेला सुट्टी हाय. तिथं सातवीण न्हाई, हाय ती पार डोंगरात राईत. झाडापासनं लांब ठेवली की दुखणं आपोआप सुटेल. गोरखला पटलं. नूतनला न्हाई पटलं, पण दिवाळीनंतर दुकानात बस्त्याची गर्दी, सुट्टी मिळत न्हाई, ती काय करणार?

तिनं पिशवी भरली. "आई, पंप आणि नळकांडं बाहेरच्या कप्प्यात ठेवलंय. श्वास लागला तर लगेच द्या. कसा द्यायचा ते शेफालीला येतं."

"ठीक हाय."

"आई, आठवणीनं."

"म्हणलं ना, ठीक हाय."

ती अंघोळीला गेल्यावर म्या पंप काढला आणि पिठाच्या डब्याच्या मागं ठेवला. चार दिवस झाड न्हाई, पंप न्हाई. दोन्हीची सवय एकदमच तुटेल. परत आल्यावर दाखवीन ह्यांना.


२५ ऑक्टोबर, शनिवार. विंझर.

सकाळच्या एसटीनं निघालो. चेलाडीच्या फाट्याला उतरून वेल्ह्याची गाडी धरली. कंडक्टर ओळखीचा निघाला, "काय पारूबाय, पुण्याला गेल्तीस का गं?" म्हणाला. म्या म्हणलं, "भोरला गेलते, पुण्याला जायला मला काय येड लागलंय?"

घराचं कुलूप गंजलं होतं, दगडानं उघडलं. बाळाबाई लगोलग आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आली का म्हातारी शहर बघून? अंगावर मांस न्हाई राहिलं तुझ्या."

"जिन्यात सांडलं."

पोरगी धनाजीबरोबर खाचरात गेली. धनाजी म्हणजे बाळाबाईचा लेक, माझं रान तोच करतो. भात कापून पडलंय, झोडणी चालू हाय. कोंड्याची नुसती धूळ उडतीय. मला वाटलं आता ही खोकणार. बांधावर उभी राहून वाट बघत बसले. न्हाई खोकली. पेंढ्यांवर उड्या मारल्या, धनाजीच्या कुत्र्यामागं पळाली, घामानं निथळत आली आणि दोन भाकरी खाल्ल्या.

बाळाबाई म्हणाली, "पारू, तू म्हणत व्हतीस छातीचं दुखणं हाय. ही तर हरणावानी पळतीया."

"झाडापासनं लांब आणली ना. म्हणून."

लाईट गेली तरी बरं वाटलं. वास न्हाई कसलाच. शेण, पेंढा आणि गार हवा.


२७ ऑक्टोबर, सोमवार

तिसरा दिवस. एकदा सुद्धा धाप न्हाई. हितं धुरीची गरजच पडली न्हाई, झाडच न्हाई तर कशाला. नूतनचा फोन आला. "पंप लागला का, आई?" म्या म्हणलं, "बघायची सुद्धा गरज लागली न्हाई." खरंच बोलले.

ती म्हणाली, "बुधवारी घेऊन या. गुरुवारी डॉक्टरांकडं दाखवायचंय." आवाज हलका वाटला तिचा. दुकानात कुणी गिऱ्हाईक हसत होतं मागं, ती बी हसली असंल.

बुधवारी परत त्या झाडाखाली न्यायची. सुखाचा जीव दुःखात घालायचा. उद्या संध्याकाळी जायच्या आधी एकदा चांगली धुरी देते. हितं चुलीचा खरा निखारा हाय. भोरला करवंटीवर भागवत होते, त्यात दम न्हव्हता. छाती धुरीनं नीट भरून नेली तर महिनाभर झाड काही करू शकायचं न्हाई.


२९ ऑक्टोबर, बुधवार. वेल्हे, दवाखाना.

वही पिशवीत होती म्हणून आली. बाकावर बसून लिहितीय. पोरगी आत हाय, झोपलीय. तोंडाला वाफेचं मशीन लावलं होतं, आता काढलंय. ओठ परत लाल झालेत. हे आधी लिहून ठेवते.

काल काय झालं ते लिहिते. चुलीतला निखारा घमेलंभर घेतला. ओवा, लसूण, वेखंड, कडुलिंबाचा पाला घातला. पोरीला जवळ बसवली आणि वरनं वाकळ पांघरली, धूर वाया जाऊ नये म्हणून. बाळाबाई दारात बसली होती. म्हणाली, "लई झालं गं पारू, पोर गुदमरंल."

"तू गप. तुला काय कळतं?"

वाकळेत पोरगी आधी खोकली. मग रडली. मग आवाजच येईना. म्या म्हणलं, सुटतंय. बाळाबाईनं उठून वाकळ ओढली.

पोरीचा गळा आत ओढला जात होता, हाडांच्या मध्ये खळगा पडत होता. ओठ जांभळे. बोलायला जाते आणि शब्द पुरा होत न्हाई. माझ्या पदराला धरून म्हणाली, "आजी... पंप."

पंप भोरला. पिठाच्या डब्यामागं.

धनाजीनं टेम्पो काढला. मी पोरीला मांडीवर घेऊन पुढं बसले, बाळाबाई मागं. वेल्ह्यापर्यंत पोरगी काही बोलली न्हाई. मी तिच्याशी बोलत राहिले, काय बोलले आठवत न्हाई. धनाजी म्हणतो मी सारखं "बघ, बघ" म्हणत होते. काय बघायला सांगत होते कुणास ठाऊक.

हितल्या डॉक्टरीणबाई तरुण हायत, पण हात चपळ. मशीन लावलं, दंडाला सुई दिली. हळूहळू गळ्यातला खळगा भरला.

गोरख आणि नूतन आज उजाडता आले, टेम्पो घेऊन. गोरखनं पोरीला बघितलं, पंप बरोबर न्हव्हता हे नर्सबाईकडनं कळलं, आणि बाहेर येऊन नूतनवर ओरडला. "पंप पाठवायची अक्कल न्हाई तुला? आईला काय कळतंय त्यातलं, तुझं काम न्हव्हतं ते?" सगळा दवाखाना बघायला लागला.

नूतननं माझ्याकडं बघितलं. निघताना भाकरीला तिनं पिठाचा डबा ओढला असणार. पंप सापडला होता तिला, मला तिच्या डोळ्यातनं कळलं. आणि ती म्हणाली, "राहिला माझ्याकडून. गडबडीत विसरले."

म्या पिशवीचा बंद बांधत बसले.

मग डॉक्टरीणबाई आल्या. म्हणाल्या, "मुलीच्या केसांना धुराचा वास येतोय. कसला धूर?" नूतन म्हणाली, "गावाकडं चूल आहे. पाणी तापवतात, ही जवळ बसली असेल."

"चुलीजवळ बसून एवढं झालं?"

"हो."

डॉक्टरीणबाईंनी पेनाला टोपण लावलं. म्हणाल्या, "एवढ्या कारणानं एवढा झटका येत असेल, तर हिला रोजचं औषध बरंच वाढवावं लागेल. जोराचं औषध आहे, वाढीच्या वयात उगाच द्यायचं नसतं. नीट आठवा, काय काय झालं. मी चार वाजता फेरीला येते, तेव्हा सगळं सांगा. मी त्यावरच औषध लिहिणार आहे."

त्या गेल्या. गोरख टेम्पो सावलीला लावायला गेला. म्या नूतनला विचारलं, "खोटं का बोललीस?"

"इथं आरडाओरडा झाला असता अजून. आधीच तुम्ही थरथरत होतात, आई."

"थंडी होती."

"हो, थंडी होती."

इकडंतिकडं बघून म्हणाली, "ह्यांना कळलं तर हे तुम्हाला विंझरलाच ठेवतील. परत आणायचे नाहीत. शेफाली शाळेतून आल्यावर कुणाकडं जाणार? मला दुकान सोडावं लागेल." म्हणजे तिला आपलं दुकान दिसतंय. दिसू दे. मग तिनं डब्यातली भाकरी काढून माझ्यापुढं धरली. म्या खाल्ली न्हाई. तिनं बी खाल्ली न्हाई, तशीच बांधून ठेवली.

आता बसून बसून विचार करतीय. विंझरात सातवीण न्हाई. फटाके न्हव्हते. भाताचा कोंडा होता, पण कोंड्यात ती शनिवारपासनं लोळतीय, एकदा शिंकली न्हाई. थंडी म्हणावी तर खाचरात उघड्यावर पळत होती. वसुबारसेला झाड फुललेलंच होतं, खिडकीबी उघडीच राहिली होती, आणि पोरगी झोपली होती. त्या दिवशी करवंटी न्हव्हती. विंझरला तीन दिवस घमेलं पेटलं न्हव्हतं. मग एकच गोष्ट राहते, आणि ती लिहायला हात चालत न्हाई. न्हाई लिहिली तरी घमेलं म्याच पेटवलं होतं.

सातविणीला म्या सोडलं असं कुणी समजू नये. तिच्या वासानं माझं डोकं दुखतं ते दुखतंच. फांद्या छाटायच्याच. पण पोरीच्या छातीचं तिच्यावर घालता येत न्हाई आता.

गोरखला कळलं तर मला विंझरला ठेवेल. ठेवू दे. हितं बाळाबाई हाय, कुंपण हाय, वास न्हाई. जूनपासनं हेच तर म्हणत होते मी. मग आता छातीवर दगड ठेवल्यागत का वाटतंय, मला कळत न्हाई. रात्रभर बसून जागरण झालंय, त्याचं असंल.

पोरगी मगाशी उठली. मला हाक मारली. आत गेले तर म्हणते, "आजी, तू जेवलीस का?" म्या म्हणलं, "तू बोलू नको, दम लागतो." परत झोपली. केसांना अजून धुराचा वास हाय. डॉक्टरीणबाईंनी धुऊ नका म्हणलंय, गार लागेल.

चार वाजायला आलेत. नर्सबाई कागद लावून ठेवतीय.

गोरख, तू बाहेर चहाला जा, न्हाईतर भिंतीला टेकून गप उभा राहा. नूतन, तू पोरीच्या उशाशी बस आणि तोंड उघडू नको, तुझं सकाळचं बोलणं पुरे झालं. बाळाबाई मध्येच मला वाचवायला आली तर धनाजीनं तिला व्हरांड्यात न्यावी. डॉक्टरीणबाई पंपाचं विचारतील, धुरीचं विचारतील. दुसऱ्या कुणी बोलायचं न्हाई. जबाब मी देणार.